चॅम्पियन, टोपी आणि एक पॅसेंजर कमी

यंदा मी देशातली जीटी कार रेसिंगची चॅम्पियनशिप जिंकली, आणि त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी माझ्या वडिलांना माहूरच्या रस्त्यावर एका चहाच्या हॉटेलात विसरून आलो.

पहिल्या गोष्टीबद्दल मला पेपरवाल्यांनी भरपूर प्रश्न विचारले. सीझन एवढा चांगला कसा गेला, टायर कसे सांभाळले, सगळ्यात अवघड वळण कोणतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणीच काही विचारत नाही. आमच्या हदगावात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे!

माझे वडील, म्हणजे दादा, बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षांत एक अपघात नाही, एक तक्रार नाही आणि एकही पॅसेंजर मागे राहिलेला नाही. (हे शेवटचं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.) अशा माणसाला रेसिंग म्हणजे काय ते समजावणं हे रेस जिंकण्यापेक्षा अवघड काम.

"किती पॅसेंजर बसतात तुझ्या गाडीत?"

"एकच सीट असते, दादा. माझी."

"मंग जातोस कुठं?"

"कुठंच न्हाई. त्याच ट्रॅकवर गोल फिरायचं."

"म्हंजी निघाला तिथंच येतोस?"

"हाव."

"मंग निघतोस कशाला?"



एकदा मी त्यांना गाडीचा फोटो दाखवला. जीटी गाडी दिसते शोरूममधल्या महागड्या गाडीसारखी, पण वजन कमी करायला आतल्या गाद्या, गालिचा, एसी, सगळं काढून टाकलेलं असतं. दादांनी फोटो नीट बघितला आणि विचारलं, "चोरीला गेलती का?" त्यात हॉर्न नसतो म्हटल्यावर त्यांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खरं सांगतो, चषक, टाळ्या, सत्कार हे सगळं ठीक आहे. (सत्काराचं बॅनरही गावात लागलं. त्यात माझा फोटो हेल्मेट घातलेला आहे, त्यामुळे त्याच्याखाली उभा राहिलो तरी मला कुणी ओळखत नाही.) पण लहानपणी मी दादांच्या एसटीत बॉनेटशेजारी बसून त्यांचे हातपाय बघत गाडी शिकलो होतो. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मी चालवत असलेल्या गाडीत बसावं आणि "शाबास" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आजवर ते बसलेच नव्हते!

ती संधी आईच्या नवसानं आणली. सीझन सुरू होताना आईनं मला न विचारता माहूरच्या रेणुकामातेला शब्द देऊन टाकला होता: "पोरगं पहिलं आलं तर सगळं घर घेऊन येईन, ओटी भरीन, आन् गाडी पोरगंच चालवंल." शिवाय गाडीला लावायला तिनं कुरिअरनं हळदकुंकू पाठवलं होतं. आमच्या मेकॅनिकनं ते श्रद्धेनं बंपरला थापलं आणि गाडीतून ही कसली लाल पावडर गळते म्हणून रेसआधी गाड्या तपासणाऱ्यांनी आम्हाला पाऊण तास अडवून ठेवलं. तरी मी पहिला आलो. त्याचं श्रेय आई अजून त्याच पुडीला देते.

आता नवस म्हणजे नवस. दादांनी घरच्या जीपची किल्ली मला देताना असा चेहरा केला की बघणाऱ्याला वाटावं, माणूस मुलगी सासरी पाठवतोय.

"मी सांगंल तशी चालवायची."

"हाव, दादा."

"पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा न्हाई."

"हाव, दादा."

घर म्हणजे आम्ही चौघं: मी, दादा, आई, आणि त्यासाठी मुद्दाम जळकोटहून आलेली आत्या. आत्याला प्रवासात मळमळतं. खरं तर तिला झोपाळ्यावरही मळमळतं. आई आत्याशेजारी मधल्या सीटवर बसली आणि तिनं लगेच पदर तोंडावर ओढून घेतला. माझी एक रेस तिनं टीव्हीवर पाहिली होती. तेव्हापासून मी गाडी चालवताना डोळे उघडायचे नाहीत असं तिनं ठरवलं होतं. सगळ्यात मागच्या सीटवर नारळाचं मोठं पोतं होतं आणि माझ्या शेजारी दादा.

"हॉर्न दे."

"पुढं कुणी न्हाई, दादा."

"म्हून काय झालं? येईल की."

मी हॉर्न दिला. पुढं एक म्हैस रस्त्याच्या कडेला बसली होती, ती उठून निघून गेली. दादा म्हणाले, "बघ."

"क्लचवर पाय ठिवून बसू नको. त्याला बी जीव हाय."

"हाव."

"गतिरोधक आला."

"अजून अर्धा किलोमीटर हाय, दादा!"

"आत्तापास्नं मनाची तयारी ठिव."

कापसानं गच्च भरलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. मग दुधाची मोटारसायकल गेली. मग एक ट्रॅक्टर बराच वेळ शेजारून चालला, आणि ट्रॅक्टरवाल्यानं आपुलकीनं विचारलं, "काही बिघाड झाला का पाव्हणं?" सबंध सीझनमध्ये मला एवढ्या गाड्यांनी ओलांडलं नव्हतं!

घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो. आत्याचा चेहरा हिरवा पडला होता, म्हणून तिला पुढं बसवायचं ठरलं आणि दादा मागच्या सीटवर जाणार होते. एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी दादांनी आपली पांढरी टोपी नारळाच्या पोत्यावर ठेवून स्वतःच्याच जीपमध्ये स्वतःची जागा धरली आणि ते हॉटेलामागच्या टाकीवर तोंड धुवायला गेले.

आता जरा माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. लांबच्या रेसमध्ये गाडी मध्येच थांबते, टायर बदलतात, पेट्रोल भरतात. त्या वेळी ड्रायव्हरनं पट्टा आवळून फक्त पुढं बघायचं. मागं काय चाललंय ते बघायचं नाही, ते दुसऱ्यांचं काम. आमच्या टीममध्ये काम संपलं की मेकॅनिक टपावर दोन थापा मारतो, आणि त्या क्षणी निघायचं. एक सेकंद उशीर झाला तर चॅम्पियनशिप जाते. सहा महिने मी हेच केलं होतं. झोपेतसुद्धा केलं असतं.

मी पट्टा आवळला. पुढं बघितलं. आत्या शेजारी येऊन बसली. आमच्या जीपचं पुढचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.

धाड! धाड!

आणि मी निघालो!

काय निघालो म्हणून सांगू! चहाचे दोन ग्लास फक्त वाऱ्यानं पडले असतील. घाट सुरू झाला. पहिलं वळण मी जरा जोरात घेतलं आणि मागून बोलणी बसतील म्हणून मान आत ओढून घेतली. काही नाही. दुसरं वळण आणखी जोरात घेतलं. तरी काही नाही! हॉर्न दिला नाही, तरी शब्द नाही! मी आरशात बघितलं. मागच्या अंधारात दादांची पांढरी टोपी शांतपणे हलत होती. प्रत्येक वळणाला होकार दिल्यासारखी पुढंमागं होत होती.

मला भरूनच आलं. दादांना माझं ड्रायव्हिंग पटलं होतं!

"दादा," मी म्हणालो, "आज बोलतोच. मी जे काय शिकलो ते तुमच्या बॉनेटजवळ बसून शिकलो. लोक म्हणतात वळणात माझा हात लई हलका हाय. तो हात तुमचा हाय, दादा."

टोपी हलली.

"तुम्ही कधी बघायला आला न्हाईत, त्याचा मला राग व्हता. आता न्हाई."

खड्डा आला. टोपीनं जोरात मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा रस्ता दोनदोन दिसायला लागला. पदराआड आई मुसमुसत होती. आत्या नाकाला लिंबू लावून डोळे मिटून म्हणाली, "हळू बोल रे, बोलण्यानं बी मळमळतंय."

एवढ्यात आरशात लाल एसटी दिसली.

ती हॉर्न देत होती. दिवे मारत होती. माझ्या अंगात एकदम जीटीचा चॅम्पियन संचारला. सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये मागच्या गाडीला अकरा चकरा पुढं जाऊ दिलं नव्हतं. आणि वडील पहिल्यांदा मागं बसलेत, त्यांच्यासमोर एसटीला जाऊ देऊ? ती उजवीकडे आली, मी उजवीकडे गेलो. ती डावीकडे आली, मी डावीकडे! खिडक्यांतून पॅसेंजर हात हलवून ओरडत होते. मला वाटलं, चाहते असतील.

"बघा दादा!" मी ओरडलो. "अशी लाइन धरायची असती!"

टोपी खूश होती.

तेवढ्यात हॉर्नची लकब बदलली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. लहानपणी घराच्या कोपऱ्यावर हा हॉर्न वाजला की आई चहा टाकायची. सबंध जगात असा हॉर्न एकच माणूस वाजवतो.

आईनं पदर काढला. सकाळपासून पहिल्यांदा तिनं डोळे उघडले आणि मागं वळून बघितलं.

"अगं बाई! हे कुठंयत?"

मी जीप कडेला घेतली. एसटी पुढं येऊन थांबली आणि तिच्यातून माझे वडील उतरले, बोडक्या डोक्यानं, खांद्यावर ओला पंचा. ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेला निघाला, म्हणून तर हॉर्न त्यांच्या हातात आला. मागोमाग पंचेचाळीस पॅसेंजरही उतरले, कारण असं काही कोण सोडतं?

मला वाटलं, आता ते विसरल्याबद्दल बोलतील. दादा शांतपणे म्हणाले, "एसटीला साइड न्हाई देत?"

"चुकलं, दादा."

"पंचेचाळीस माणसं हायत आत. कुणाला दवाखाना असंल, कुणाला कोरट असंल." मग म्हणाले, "निघताना पॅसेंजर मोजले व्हते का?"

"न्हाई."

"मंग कसला ड्रायव्हर रे तू?"

मी मान खाली घातली. खरंच लाज वाटली. तेवढ्यात आई डोळे पुसत म्हणाली, "अहो, असं बोलू नका. पोरगं तुमच्याबद्दल लई चांगलं बोललं. मी रडले."

"कुणाला बोललं?"

आईनं मागं बघितलं. "टोपीला."

पंचेचाळीस माणसं हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी पोत्यावरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. "काय बोललं?" एवढंच त्यांनी हळूच आईला विचारलं. आईनं कानात सगळं सांगितलं. त्यांनी ओला पंचा पिळून पुन्हा खांद्यावर टाकला. मग येऊन माझ्या शेजारी बसले, आणि आत्या मागं गेली. देवीच्या दारापर्यंत ते एकदाही "हॉर्न दे" म्हणाले नाहीत. मीच आपण होऊन प्रत्येक वळणाला हॉर्न दिला.

नवस फिटला. ओटी भरली. पायऱ्या उतरून आल्यावर दादांनी हात पुढं केला आणि मी किल्ली दिली. मला मागच्या सीटवर, जिथं सकाळी टोपी बसली होती तिथं बसवलं.

"माणसं मोज."

मी बोट करून मोजलं. आई, आत्या, दादा. "तीन, दादा!"

"तुला धरलं का?"

"...न्हाई."

"परत मोज."

मी परत मोजलं. या वेळी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मोजलं. "चार!"

"मंग बेल दे."

मी टपावर दोन थापा मारल्या. दादांनी पहिला गिअर टाकला, आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शाबास."

ज्या शब्दासाठी मी सबंध सीझन मर मर मेलो, तो मला शेवटी मिळाला. चारपर्यंत बरोबर मोजल्याबद्दल, तेही दुसऱ्या प्रयत्नात!