निळ्या फितीची झाडं

माझा संशय पहिल्यापासून म्हाताऱ्यावरच होता. म्हातारा म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या बागेचा राखणदार. अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून तासाभरावरची ही बाग निव्वळ बियाण्यासाठी राखलेली. या झाडांच्या शंकूतलं बी आतून पोखरणाऱ्या अळीवर एक औषध चालतं का, हे मला तपासायचं होतं. लाल फितीच्या झाडांवर औषध, निळ्या फितीच्या झाडांवर नुसतं पाणी. दोन्हींत फरक दिसला तर माझी पीएचडी पुढे सरकणार, नाहीतर अख्खं वर्ष फुकट.

ऑगस्टअखेर शंकू उतरवले, बियांचे एक्स-रे काढले आणि माझं डोकंच फिरलं. निळ्या झाडांचं बीही धडधाकट! शेजारच्या, फीत नसलेल्या झाडांत तर अळ्यांचा नुसता बुजबुजाट.

म्हणजे कुणीतरी चोरून फवारलं होतं. औषधाच्या खोलीची किल्ली म्हाताऱ्याकडे. वर "झाडं छान दिसतायत, नाही?" असं मलाच विचारायचा. मी त्याच्या ट्रकमध्येसुद्धा डोकावले, खोटं कशाला बोलू? काही सापडलं नाही, तर वाटलं, बिलंदर आहे, पुरावा ठेवेल कसा! माझी रूममेट म्हणाली, "यार, त्याला काय मिळणार त्यातून?" मी तिच्यावरच उखडले.

शेवटी माझ्या पीएचडीच्या सरांकडे तक्रार केली. त्यांनी त्याला माझ्यासमोरच बोलावलं आणि विचारलं, निळ्या झाडांवर औषध कुणी मारलं?

"हिनेच," तो म्हणाला. "औषध संपलं की टाकीत पाणी घालून हलवायची आणि तेच पाणी निळ्या झाडांवर मारायची. दर वेळी."

खरंच होतं ते. आमच्या घरी आमटीचं भांडं विसळून ते पाणी आमटीतच ओततात. मोरीत टाकलं की आई ओरडायची. टाकीच्या तळाचं औषध मला फेकवेना, म्हणून मीही तेच केलं, आणि वर त्याला नुसतं पाणी समजले! कुठून ती बुद्धी झाली!

"मग तुम्ही तिला अडवलं का नाही?" सरांनी विचारलं.

"मला वाटलं, हा टेस्टचाच भाग असेल." तो जरा गोंधळला. "एवढी शिकलेली मुलगी. माझा विश्वास होता तिच्यावर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले. वर्ष गेल्याचं रडू घरी आल्यावर आलं. सरांसमोर मात्र मला मान वर करून म्हाताऱ्याकडे बघवेना.