डाव्या बाजूची खरखर

हेसल वीर्स्मानं आयुष्याची बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात काढली. हार्लिंगन बंदरातून बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर तो वायरमन होता. वर डेकवर प्रवासी समुद्रपक्ष्यांना पाव टाकत असायचे आणि खाली इंजिनांच्या गदारोळात हेसल फ्यूज बदलत असायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं घरामागच्या शेडमध्ये जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बांधायला घेतले. पत्रा कापण्यापासून ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. पाच वर्षांत अकरा झाले. त्याची बायको हिस्का म्हणायची, "घरात माणसं दोन आणि वाजणारी खोकी सहा. उरलेली ज्यांच्या गळ्यात मारलीस त्यांचे हाल त्यांनाच विचारायला हवेत."

बारावा अॅम्प्लिफायर त्यानं डौवेसाठी बांधला. डौवे म्हणजे बांधाच्या पलीकडचा गाई पाळणारा शेतकरी, आता गाई मुलीच्या हवाली केलेला. दोघं शाळेपासूनचे. डौवेची बायको नीन्का दोन वर्षांपूर्वी गेली. ती आणि हिस्का चर्चच्या गायकवृंदात तीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून गायल्या होत्या, आणि त्या वृंदाची एक टेप डौवेकडे होती. ती चांगली ऐकू यावी एवढीच त्याची इच्छा.

अॅम्प्लिफायर पोचवून आठवडा झाला नसेल, तेवढ्यात डौवेचा फोन आला.

"हेसल, तुझं खोकं डावीकडून मुकं होतं."

"मुकं म्हणजे?"

"आधी खरखरतं, मग गप्प. पंचवीस-तीस मिनिटं छान चालतं, मग सुरू होतं त्याचं."

हेसलनं ते सायकलच्या पेटीत घालून घरी आणलं, शेडमधल्या बाकावर उलटं करून उघडलं आणि तीन दिवस चालू ठेवलं. एकदाही काही झालं नाही. नेऊन परत दिलं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन. परत आणलं. डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे घातले, उजवीकडचे डावीकडे. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा असेल तर त्याच्याबरोबर तोही बाजू बदलेल. नेऊन दिल्यावर डौवे म्हणाला, "अजूनही डावीकडेच." म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष होते. हेसलनं तारांचे सगळे सांधे भिंगातून पाहिले. एकेक सांधा काचेसारखा चकाकत होता.

तिसऱ्यांदा परत आणलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "माझ्याकडे चालतं आणि त्याच्याकडे बिघडतं? डौवेच्याच कानांत काहीतरी आहे!"

हिस्का कॉफीचे पेले घेऊन शेडच्या दारात उभी होती. बाकावरचं यंत्र वाजत होतं. तिनं मान तिरकी केली.

"हे खरखरतंय की."

"कुठे?"

"आत्ता. हे बघ, परत."

हेसल स्पीकरजवळ वाकला. त्याला संगीत ऐकू येत होतं, स्वच्छ, गोड. दुसरं काही नाही.

"चेष्टा करू नकोस, हिस्का."

"चेष्टा मी जेवणाच्या टेबलावर करते, इथे नाही." तिनं पेले खाली ठेवले. "खरंच ऐकू येत नाही तुला?"

बत्तीस वर्षांच्या इंजिनांनी त्याच्या कानांतून वरचे सगळे आवाज हळूहळू उचलून नेले होते, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दारावरची घंटा ऐकू येईनाशी झाली तेव्हा त्यानं घंटेलाच दोष दिला होता. केटलीची शिटी, नातीचा फोनवरचा बारीक आवाज, सगळ्यांना त्यानं काही ना काही कारण चिकटवलं होतं. पण अॅम्प्लिफायर बांधणाऱ्या माणसाला अॅम्प्लिफायरची खरखर ऐकू येऊ नये, याला चिकटवायला कारण सापडेना. तो स्टुलावर बसला.

"तीन दिवस हे माझ्यासमोर खरखरत असेल," तो म्हणाला, "आणि मी डौवेलाच बहिरा म्हणत होतो."

हिस्का त्याच्या शेजारी बटाट्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसली. "मला चार वर्षं माहीत आहे. तू टीव्हीचा आवाज वाढवत गेलास तसतशी मी खोली बदलत गेले. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

"सांगायला जमलं नाही."

"ते दिसलंच. बरं, मग आता काय करायचं? माझे कान चालतात. तुला हात आहेत."

हेसलला हसू आलं. आणि हसताहसता तो पहिल्यांदा नीट विचार करू लागला. डौवेकडे हे कपाटात बंद असतं, शेजारी शेगडी. इथे उघडं, थंड शेडमध्ये. तिथे ते पूर्ण तापतं, इथे जेमतेम कोमट होतं. म्हणून तिथे मुकं होतं आणि इथे नुसतं खरखरतं.

"तुझा केस वाळवायचा ड्रायर दे."

"त्याला वंगण लागलं तर बघ."

पाच मिनिटं त्यानं ड्रायरनं आतला भाग शेकला, मग ड्रायर बंद केला, लाकडी सळई घेतली आणि डावा हात पँटच्या खिशात घातला.

"हा रुबाब कशाला?" हिस्कानं विचारलं.

"आत तीनशे व्होल्ट आहेत. दुसरा हात खिशात असला की झटका छातीतून आरपार जात नाही."

"आणि मला इतकी वर्षं वाटायचं, साहेब ऐटीत काम करतात."

तो एकेका सांध्यावर सळईनं हलकेच टकटक करू लागला. ती डोळे मिटून ऐकत होती, वृंदात सूर धरायला मिटायची तसे.

"नाही. नाही. नाही. थांब, मागे ये. नाही, आणखी डावीकडे. हां! इथे!"

"नक्की?"

"पुन्हा मार. हो. आता पूर्ण गेला आवाज."

गेलेला आवाज मात्र हेसललाही कळला. सळई डावीकडच्या ट्रान्सफॉर्मरवर होती, जिथून तार स्पीकरकडे जाते तिथे. त्यानं यंत्र बंद केलं, आत साठलेला विजेचा दाब उतरू दिला, मीटरनं तपासला आणि सांधा सोडवला. वरून सोल्डरचा डाग चकाकत होता. खाली तारेवरचं वीज अडवणारं वार्निश एका बाजूनंच खरवडलेलं होतं. दुसऱ्या बाजूला ते तसंच होतं, तपकिरी. थंड असताना तार कशीबशी टेकत होती, तापली की सुटत होती. चूक सर्वस्वी त्याची होती. तार सुटत असतानाही ट्रान्सफॉर्मर जळला नाही हे नशीब.

त्यानं तार लख्ख खरवडली, पुन्हा डाग दिला. पुन्हा ड्रायर, पुन्हा सळई. हिस्का पाऊण तास डोळे मिटून बसली.

"काही नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि माझी कॉफी थंड झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं डौवेकडे गेली. त्यानं टेप लावली, खुर्ची ओढली आणि बसला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. डावी बाजू चालूच राहिली. शेवटच्या भजनात हिस्का ओठ न हलवता बारीक गुणगुणू लागली. डौवे तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती डावीकडे उभी असायची. डावी बाजू गेली की नीन्का जायची."

हे त्यानं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तीनदा यंत्र बिघडलं, तीनदा परत गेलं, आणि तो फक्त "डावीकडून मुकं होतं" एवढंच म्हणत राहिला होता.

"डौवे, दोष माझा होता," हेसल म्हणाला. "आणि मला तो ऐकूच येत नव्हता. हिस्कानं शोधला."

"तुला ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे," डौवे म्हणाला आणि उठून मसाल्याचा केक कापायला गेला. नेहमी पातळ काप करणाऱ्या त्या माणसानं बोटाएवढे जाड काप केले, वर लोणी थापलं, आणि पहिला काप हिस्कासमोर ठेवला.

पुढल्या महिन्यात हेसल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कानांत यंत्रं बसवली. व्हॉल्व्हच्या नादातले सातआठ जण महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात जमतात, तिथे त्यानं ती लपवली नाहीत. उलट स्वतःच सांगितलं, की कानातल्या यंत्रानं घंटा ऐकू येते, खरखर नीटशी येत नाही. तेव्हा कुणाच्या खोक्याचं येतं-जातं दुखणं असेल तर हिस्काला विचारा, मी फक्त डाग देतो.

लोकांनी ते मनावर घेतलं. आता दर गुरुवारी सकाळी कुणीतरी बगलेत अॅम्प्लिफायर मारून येतं, आणि हिस्का आधी विचारते, "किती वेळानं बिघडतं? घरात कुठे ठेवता?" मग बटाट्यांच्या खोक्यावर बसते. त्या खोक्यावर हेसलनं उशी शिवून बसवली आहे. शिवण वाकडी आहे, ते ती प्रत्येक पाहुण्याला दाखवते.

एका गुरुवारी पाहुणा गेल्यावर हत्यारं आवरताना हेसल म्हणाला, "चार वर्षं तू खोली बदलत राहिलीस. माझ्यावर ओरडली का नाहीस?"

"ओरडले होते," हिस्का म्हणाली. "तुला ऐकू आलं नाही."

तो इतका हसला की हातातली पक्कड खाली पडली. मग त्यानं तिचा हात हातात घेतला आणि त्यांच्या मुलखात सहसा मोठ्यानं न बोलला जाणारा प्रेमाचा शब्द मोठ्यानं बोलला. हिस्कानं तो ऐकला, आणि पुन्हा एकदा म्हणायला लावला.