माईंचा नकार

सकाळी नऊला वॉर्डवर पोचले तेव्हा चहाची ट्रॉली दुसरीच कुणी बाई ढकलत होती. सिस्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "सियांग गेली गं. काल चर्चमधून परतताना बसस्टॉपवर कोसळली. स्ट्रोक." सहा आठवडे झाले त्याला. लिहायला बसलं की अजून हात थांबतो, कारण आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच होतं, आणि त्यात माझं चुकलं की नाही हे मला अजूनही कळलेलं नाही...

मी नागपूरची, नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओ. सियांग ब्रह्मदेशातल्या चिन टेकड्यांमधल्या. तिकडे बाईच्या नावाआधी 'माई' लावतात, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि मला ते इतकं आपलं वाटलं की मी त्यांना शेवटपर्यंत 'अहो माई'च म्हणत राहिले. गावी त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. इथे अख्ख्या वॉर्डचा चहा करायच्या, आणि कुणाला साखर किती हे कधी लिहून ठेवावं लागलं नाही. मधली काही वर्षं दिल्लीत निर्वासित म्हणून काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. मला 'बेटी' म्हणायच्या. रागावल्या की मात्र सरळ इंग्लिश.

त्यांचे यजमान वीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या निवडणुकीत निवडून आले होते. लष्करानं पार्लमेंट भरवलंच नाही. यजमानांना तुरुंगात टाकलं आणि ते तिथेच गेले. हे सगळं माईंनी मला एकदाच सांगितलं, कपबश्या पुसता पुसता. आता तेच लष्कर पुन्हा निवडणूक घेणार होतं, स्वतःच लिहिलेल्या घटनेखाली. चिन, शान, मोन अशा लहान समाजांचे बरेच पक्ष म्हणत होते, आधी घटना बदला, नाहीतर आम्ही उभे राहणार नाही. माईंचा छोटा पक्षही त्यातलाच. त्यांचा धाकटा भाऊ अजून तिकडेच होता, त्याच पक्षात. आणि त्याला उभं राहायचं होतं.

त्या जूनमध्ये आमच्याकडे युरोपियन इलेक्शन होतं. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यानं भारतीय पासपोर्टवरही मला इथे मत देता येतं. माईंना येत नव्हतं. शिफ्ट संपल्यावर मी म्हणाले, "जाऊ दे हो, आज जाम दमलेय." त्यांनी खुंटीवरचा माझा कोट काढून माझ्या हातात दिला. मतदान जवळच्या शाळेत होतं; मी आत जाऊन येईपर्यंत माई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, ताठ, जणू त्यांचीच परीक्षा चालली होती. मी चिडवलं, "तिकडे निवडणूक नको म्हणता आणि मला इथे ओढत आणता?"

"इथे मतं मोजून झाली की निवडून आलेल्या माणसाला घरी जाऊ देतात," त्या म्हणाल्या.

रविवारी मी बहुतेक त्यांच्याकडेच जेवायला असायचे. दुपारी बाराला भावाचा फोन यायचा. फोन ऐकला जातो म्हणून दोघंही निवडणुकीला 'लग्न', पक्षाला 'घर' आणि मताला 'आहेर' म्हणायची. लग्नाला जायचं की नाही, यावर तासतास वाद. आमच्या त्या शेवटच्या रविवारी माईंनी फोन जवळजवळ आपटलाच. "म्हणतो, आपण नाही गेलो तर आपल्या खोऱ्यातून लष्कराचा माणूस बिनविरोध येईल. आपण गेलो तर शाळेला छप्पर तरी मागता येईल."

"मग काय चुकलं त्याचं?" मी म्हणाले.

त्यांनी घटनेची इंग्लिश प्रत माझ्यापुढे ठेवली. "मोठ्यानं वाच." मी वाचलं. चारांतली एक जागा गणवेशातल्या सैनिकांना, आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय घटनेत कुठलाही मोठा बदल नाही. "आता सांग, मी त्याला काय सांगू?"

मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणाले, "माई, तुम्ही इथे सेफ आहात. तिथे राहायचंय त्याला."

त्या उठल्या, ताटं उचलली, सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "खरंय तुझं. म्हणूनच मला झोप लागत नाही." मी कोट घालून निघाले. पुढचे पंधरा दिवस माझी ड्यूटी दुसऱ्या वॉर्डला होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना न भेटायला मी ते निमित्तच केलं...

अंत्यविधीनंतरच्या रविवारी चर्चमधल्या बायकांबरोबर मी फ्लॅट आवरायला गेले. बाराला फोन वाजला. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. शेवटी मीच उचलला. पलीकडचं इंग्लिश माईंसारखंच, शिक्षकी. "मला कळलंय," तो म्हणाला. "पण रविवार आहे, म्हणून लावला." मग विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?"

मला काय माहीत? मी म्हणाले, "तुम्हाला जपायला सांगितलंय."

"खोटं बोलताय तुम्ही," तो म्हणाला, पण रागानं नाही. "ती म्हणाली असेल, लग्नाला जाऊ नकोस. नाही जात. आमच्या घरचं कुणीच जाणार नाही. घरच्या बैठकीत मीच उठून सगळ्यांना तसं वाचून दाखवलं. मला अजून पटलेलं नाही. पण म्हातारी माणसं समोर बसली होती. एकानं विचारलं, मागच्या लग्नात आम्ही तुमच्याच घरी आहेर केला होता, त्याचं पुढे काय झालं? मग मी कागद हातात घेतला." लाइन खरखरली. "हे तिला आज सांगणार होतो."

फोन कटला. मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

त्या फोनच्या वर भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथल्या वेळेचं, एक त्यांच्या टेकड्यांवरचं. दुसरं मी घरी आणलं आणि किचनमध्ये लावलं. ते नागपूरच्या बरोबर एक तास पुढे असतं, त्यामुळे आईला फोन करताना मी त्यातला तास वजा करते. ते भारताच्या वेळेला लावून घ्यावं असं परवा आई म्हणाली. मी स्टुलावर चढले, घड्याळ खाली काढलं. तिकडे सव्वासात झाले होते. दिवेलागण होऊन गेली असेल, शाळेचं छप्पर तसंच असेल, आणि 'उभा राहणार नाही' असं म्हटलेल्या माणसाच्या दारावर आता कोण येऊन थाप मारतंय, देव जाणे... काट्यांना हात न लावता मी ते परत भिंतीवर लावलं.