अण्णांसाठी निवडलेला डेस्कटॉप

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. यशवंतपूरच्या एका कारखान्यासाठी ते अजूनही घरबसल्या यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करून देतात. त्यांच्या वाढदिवसाला मी सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर आणला, कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि वर माझा लाडका, हलकाफुलका डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची खिडक्या-मेनूंची सगळी मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, चढवला. जुना मॉनिटर त्याच दिवशी देऊन टाकला. मी सॉफ्टवेअरवाली, मला कोण शिकवणार! ‘कसं दिसतंय?’ विचारलं, तर अण्णा अर्धं कानडीत म्हणाले, ‘सरी, झकास.’

आमच्या घरात कुणी प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवत नाही. साडीचा रंग आवडला नाही तरी आई ती एकदा नेसतेच. हे ठाऊक असून मी त्या ‘झकास’वर विश्वास ठेवला, एवढी मी शहाणी.

तीन आठवड्यांनी जे. पी. नगरला अण्णांच्या घरी गेले, तर ते भिंग धरून, स्क्रीनला नाक लावून बसलेले. मला बघताच भिंग खिशात गेलं.

‘काम सोडतोय मी,’ म्हणाले. ‘डोळे गेले गं माझे.’

त्यांना उठवून मी त्यांच्या खुर्चीत बसले. अगं बाई! मेनूतली अक्षरं मुंगीएवढी! फोर-के स्क्रीनचे ठिपके फार बारीक, म्हणून माझ्या त्या डेस्कटॉपमध्ये सगळ्याचा आकार आपल्या हाताने वाढवावा लागतो, आणि तेच मी विसरले होते.

अख्खा रविवार त्यातच गेला. एका डेस्कटॉपवर सगळं थेट दुप्पट केलं, तर बटणांनीच अर्धं ड्रॉइंग झाकलं. दुसऱ्यावर अक्षरं मोठी, पण धुरकट. शेवटी केडीई प्लाझ्मा नावाचा डेस्कटॉप घातला आणि आकार दीडशे टक्क्यांवर ठेवला.

‘स्वल्प थांब,’ अण्णा म्हणाले. चष्मा पुसला, खुर्चीत मागे रेलले आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकाचं माप घडाघडा वाचलं. मला रडूच फुटलं. ही दीडशेची सोय ज्यांनी कुणी फुकटात करून ठेवली, त्यांचं भलं होवो!

मग मी चिडलेच. ‘डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तरी जायचं होतं!’

‘दोनदा गेलो. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतायत.’

‘आणि स्क्रीनवर शंका नाही आली?’

‘तू निवडून आणला होतास ना,’ अण्णा म्हणाले. ‘त्यावर कशाला शंका घेऊ?’