पलाली आणि पळवली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. कल्याणजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी चारच्या सुमारास खबर आली, आंबिवलीत जमावाने एका फुगेवाल्याला मुलं पळवणारा म्हणून धरलंय. आम्ही त्याला सोडवून आणलं तेव्हा त्याच्या अंगावर शर्ट उरला नव्हता. त्याच्या पिशवीत तिथल्याच एका दहा वर्षांच्या मुलीच्या चपला सापडल्या होत्या, आणि मुलगी दुपारपासून बेपत्ता. एका वृत्तवाहिनीवर पट्टी फिरत होती : 'मुलगी पळवली!' ठाण्याच्या फाटकाबाहेर गर्दी वाढत होती. "आमच्या ताब्यात द्या त्याला!"

मी मुलीच्या आईला समोर बसवलं. "त्या वाहिनीच्या पत्रकाराला नेमकं काय सांगितलंत?"

"मी बोल्ले, पोर पलाली. अभ्यासाला बस बोल्ले, तं पलाली."

आगरी बोलीत पलाली म्हणजे पळाली. स्वतःच्या पायांनी. मी कळव्याच्या खाडीकाठी वाढलो. शेजारच्या आया रोज हेच ओरडायच्या. वाहिनीच्या त्या शहाण्याने एका अक्षरात अपहरण उरकलं होतं. जबाब लिहिणारा हवालदारही 'पळवली' लिहू लागला. मी खोडायला लावलं.

मग फुगेवाल्याकडे वळलो. "चपला कुठून आल्या?"

"साब, उसीने दी. बोली, भैया, संभालो, मैं नदी से आती हूँ."

लोकांना ही थाप वाटली असती. मला नाही. खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जाताना आम्हीही चपला कुणाकडे तरी ठेवायचो. चिखलात रुतून हरवल्या तर घरी मार ठरलेला. दिवेलागणीला परतायचो, आमच्यासाठी ठाण्याची पायरी कुणी चढलं नाही.

हवालदाराला नदीकडे पिटाळलं. पाऊण तासात तो मुलीला घेऊन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डब्यात तीन चिंबोऱ्या. मी फुगेवाल्याला फाटकाशी आणलं, तेव्हा गर्दीसमोरच तिने त्याला विचारलं, "भैया, माझ्या चपला?"

गर्दी पांगली. पत्रकार मात्र माईक घेऊन पुढे. "साहेब, एक बाईट."

"देतो. आधी खुलासा दाखवा. 'पळवली' जेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंत, तेवढ्याच."

"खाली एक ओळ टाकतो ना."

"भाजी घेताय का? एक अक्षर कमी करणार नाही."

तो गेला. संध्याकाळची पट्टी : 'संशयिताला पोलिसांनी सोडलं!' मला कारणे दाखवा नोटीस आली, मागोमाग बदली. आमच्या लहानपणी पेपरात कुणाचं आडनाव चुकलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा यायचा. त्या वाहिनीचा खुलासा अजून यायचाय. फुगेवाला त्या गल्लीत पुन्हा दिसला नाही.

त्या प्रकरणाने मला शिकवलं, माणसाचं म्हणणं त्याच्याच बोलीत ऐकावं. आणि पट्टीला घाबरून पोरं कोंडू नयेत. माझी नात आता दहाची आहे. एकटी खेळायला जाते. सोसायटीतले डोळे वटारून विचारतात, "साहेब, नात कुठंय?"

मी ठणकावून सांगतो, "पलाली!"