सुल्तानावर लाल दिवा

सुल्ताना म्हणे पुरुष निघाली! चाळीस वर्षं पास्खालिसची बायको म्हणून नांदली आणि परवा कॉफीखान्याच्या दारात बिंग फुटलं, असं सेर्रेस शहराच्या बाजारात लसूण विकणारीसुद्धा शपथेवर सांगत होती. साफ खोटं. अर्ध्या गावाची नाळ कापणारी ही सुईण बाई आहे, हे पास्खालिसला ठाऊक आहे आणि गावालाही. ठाऊक नव्हतं ते एका यंत्राला.

आठ जानेवारीला आमच्याकडे राज्य बायकांचं. पुरुष घरी भांडी घासतात, पोरं खेळवतात. बायका कॉफीखान्यात पत्ते कुटतात आणि त्सिपुरोची कडक दारू ढोसतात. रस्त्यावर पुरुष दिसला की अंगावर गार पाण्याची बादली. गेल्या साली दोन टवाळ आत्याचे कोट चढवून आत घुसले आणि चांगली दारू संपवून गेले. म्हणून यंदा बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षा एर्मिओनी यांनी दारावर कॅमेरा बसवला. तोंड बघून हिरवा दिवा लागला तर बाई, लाल लागला तर पुरुष. लाल म्हणजे बादली आणि घरचा रस्ता.

या दिवशी आत एक मानाची खुर्ची असते, सुईणीची. थोरली सुईण वारल्यावर ती यंदा पहिल्यांदाच सुल्तानाच्या वाट्याला आली होती. कांदे, लसूण, लाल मिरच्या यांची माळ गळ्यात घालून सुल्ताना नवरीच्या तोऱ्यात आली. उन्हानं रापलेला काळा चेहरा, जाड भुवया, बारीक कापलेले केस. दिवा लागला लाल. बादलीवाल्या पोरी टपूनच होत्या. कोण आहे ते न बघताच त्यांनी ओतली.

“अगं कार्ट्यांनो!” माळेतून पाणी निथळत सुल्ताना ओरडली. “तुम्हाला आईच्या पोटातून मीच ओढून काढलं ना? तेव्हा नाही दिवा लावून बघितलात!”

एर्मिओनीबाई धावत आल्या. “रागावू नका हो, काकू. नियम सगळ्यांना सारखा. एवढी लिपस्टिक लावा, माझे डूल घाला, लगेच हिरवा होतो.”

“हिरवा होतो हे तुला कसं ठाऊक?”

बाईंनी चोरून कोपऱ्याकडे पाहिलं. सुल्तानानं दारातूनच आत नजर फिरवली. तंबाखूच्या शेतात राबणारी मालामा कोपऱ्यात बसली होती. स्वतःच्या लग्नातही रंग न लावलेल्या तिच्या ओठांवर बीट फासल्यासारखा थर होता.

“मालामे, हे काय थोबाड करून घेतलंस?”

“मलाही लालच आला गं,” मालामा खाली मान घालून म्हणाली. “व्हायोलाही, तिला डूल चढवले. म्हटलं, सणासुदीला तमाशा कशाला.”

तेवढ्यात बायको भिजल्याची खबर लागून पास्खालिस कोरडा कोट घेऊन आला. गुलाबी गाल, गुळगुळीत दाढी, कमरेला एप्रन. दिवा हिरवा! बादली उचललेल्या पोरी तशाच थिजल्या.

“ओतू नका गं,” सुल्ताना म्हणाली. “बाईमाणूस आहे ती.”

आत हास्याचा नुसता स्फोट झाला. पास्खालिस कोट टाकून पळाला. यंत्र बसवायला शहरातून आलेली दानाई मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, “काकू, यंत्राला हजारो फोटो दाखवून शिकवलंय.”

“माझ्यासारख्या किती होत्या त्यात? रापलेल्या, केस कापलेल्या?”

“फार नव्हत्या.”

सुल्तानानं कोट खांद्यावर टाकला, आत जाऊन मानाची खुर्ची फरफटत आणली आणि बरोबर उंबऱ्यावर, कॅमेऱ्याच्या समोर मांडून बसली. दिवा लाल तो लालच. मालामानं बाहीनं ओठ खसाखसा पुसले आणि स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. मागोमाग व्हायो, कानातले डूल काढून हातात घेऊन. आता दारातून ना कुणाला आत जाता येईना, ना बाहेर.

“काकू, थंडीनं मराल,” एर्मिओनीबाई लिपस्टिक पुढे करत काकुळतीला आल्या. “फोटोवाला यायचाय. नुसता एक ठिपका लावा आणि आत चला ना.”

सुल्ताना म्हणाली, “बाई कशी दिसते ते तुझ्या दिव्याला कळत नसेल, तर तू त्याला शिकव. मी तोंड रंगवणार नाही, आणि इथून उठणारही नाही. ती लिपस्टिक खिशात घाल आणि मला त्सिपुरो आण. मोठा.”