दारातल्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. देवासला त्यांच्या हाताखाली बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आलेल्या आम्ही दहाबारा जणी त्यामुळे पहिला आठवडाभर चपला पुसून येत होतो. एकीने तर नव्या सँडल घेतल्या. शेवटी बाईच वैतागल्या. ‘‘अगं, तुमचे पाय मी नुसते सवयीने बघते. परीक्षा मुलांच्या पायांची असते!’’

शाळा नावाला मराठी होती. पाटी मराठी, गणपतीची आरती मराठी, बाकी सगळा कारभार हिंदीत. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकीचा एक कागद भरला जाई. ही मुलगी लहान मुलांपुढे उभी राहायला योग्य की अयोग्य, एवढंच त्यात ठरायचं. वागणूक, स्वच्छता, भाषा, खरेपणा असे रकाने होते, पण बाईंची खरी परीक्षा वेगळीच असे. त्या आम्हाला आठवडाभर सकाळी वर्गाच्या दारात उभं करत आणि स्वतः माठाशेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसत. फाटकातून धावत आलेलं मूल दारातून तसंच आत शिरलं तर ठीक. दाराशी त्याचे पाय रेंगाळले, की बाईंची भुवई वर. ‘‘तोंडाने हसायला आई शिकवते,’’ त्या म्हणत, ‘‘पायांना कोणी शिकवलेलं नसतं.’’

मी पाचव्या दिवशी अडकले. एक मुलगी रोज माझ्यापाशी आली की थबकायची. मी तर बापडी गोड हसत होते! बाईंनी मला आणखी आठ दिवस उभं केलं. मग म्हणाल्या, ‘‘वैशाली, तू दारात ‘चलो, जल्दी जल्दी’ म्हणतेस. ती आईचा हात सोडून आलीय गं. तिला कसली आलीय जल्दी?’’ मी तोंड मिटलं. तीन दिवसांनी ती मुलगी मला धडकूनच आत गेली आणि माझ्या कागदावर ‘योग्य’ लिहिलं गेलं. तेवढा आनंद मला नंतर लग्न ठरल्यावरही झाला नाही.

बाकी बाई नाकावर माशी बसू देत नसत. ओढणीला सेफ्टी पिन दिसली की काढायला लावत, मूल छातीशी येतं म्हणून. कोणी एखाद्या गुबगुबीत मुलाला ‘मोटू’ म्हटलं तर सगळ्या वर्गासमोर विचारत, ‘‘बारशाला तू गेली होतीस का?’’ स्वतः मात्र मुलांशी माळवी, हिंदी, मराठी यांची मनसोक्त खिचडी करत. ‘‘आव बेटा, आव, बैस इथे,’’ या एका वाक्यात त्यांचा अख्खा देवास यायचा.

एका बाबतीत मात्र त्या दगड होत्या. मुलावर हात उठला की ‘अयोग्य’. कारण विचारायचं नाही, दुसरी संधी नाही. आमच्या बरोबरची राजगढची एक मुलगी होती. नवऱ्याने टाकलेली, हातात दुसरं काही नसलेली. तिने एकदा एका मुलाचा कान पिळला. एकदाच. बाईंनी कागद भरला. ती पाया पडली, आम्ही सगळ्या रडलो, संस्थेचे चिटणीसही मध्ये पडले. बाईंनी तिला आपल्या डब्यातलं जेवू घातलं, स्वतः बसस्टँडवर नेलं, कंडक्टरला ‘‘भिया, इसको खिड़की के पास बिठाना’’ म्हणून सांगितलं. पण कागद बदलला नाही. पुढे कळलं की ती साड्यांना फॉल लावून पोट भरते. बाई बरोबर होत्या का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनाही आलं नसावं. राजगढचं नाव निघालं की त्या पदराने चष्मा पुसत बसत.

वर्षं गेली. प्रशिक्षणवर्ग माझ्याकडे आला आणि बाई निवृत्त होऊनही हौसेने रोज बालवर्ग घ्यायला येत राहिल्या. कागद आता मी भरत होते. शाळांना शिक्षिका मिळत नव्हत्या, मुलींना नोकऱ्या हव्या होत्या, संस्थेला निकाल हवा होता. मी सरसकट ‘योग्य’ लिहीत सुटले. मला कोणाचं वाईट करायचं नव्हतं, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं म्हणजे मला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. बाई माझ्या खांद्यावरून कागद वाचून म्हणत, ‘‘तुझ्या पेनात दुसरा शब्दच भरलेला नाही का गं?’’

मग त्या विसरायला लागल्या. चष्मा खेळण्यांच्या टोपलीत सापडायचा. तीच हजेरी दोनदा घ्यायच्या. आम्ही हसून सांभाळून घेत होतो. एके दिवशी चार वर्षांच्या देवांशने माठातलं पाणी तिसऱ्यांदा जमिनीवर ओतलं, आणि बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली. बाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. तो हात कोणीतरी त्यांच्याकडे ठेवायला देऊन गेलं असावं, असं त्यांचं तोंड झालं होतं.

दुपारी त्याची आई आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं आणि हात जोडले. ती खळखळून हसली. ‘‘अरे बाई, आपने तो मुझे भी पढ़ाया है! दो और लगा देतीं. इसने कुछ किया ही होगा.’’ ती गेली. मला सुटल्यासारखं झालं होतं, त्यांना मात्र ती माफी मारापेक्षा लागली. ‘‘तिला राग का नाही आला गं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग इतकी वर्षं मी शिकवलं काय?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर बाई दारात उभ्या. मला त्यांनी बुटकी खुर्ची दाखवली. ‘‘आज मी उभी राहते. तू बघ.’’

मुलं येऊ लागली. देवांश फाटकातून धावत आला, बाईंना बघितलं आणि त्याचे पाय थांबले. ‘‘आव बेटा,’’ बाई म्हणाल्या. तो चौकटीला पाठ घासत, भिंतीच्या कडेकडेने आत गेला. त्याच्या मागची मुलगी तर काल आलीच नव्हती, तिने काही पाहिलं नव्हतं. पण तो थांबला म्हणून तीही थांबली.

‘‘दिसलं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नाही बाई. माझं लक्ष नव्हतं.’’

‘‘खरेपणाचाही रकाना आहे हं त्यात,’’ त्या म्हणाल्या आणि पिशवीतून कोरा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. वर त्यांचं नाव त्यांनीच लिहून आणलं होतं. मी गयावया केली. वय झालंय, बाई. एकदाच तर झालं. कोणाची तक्रार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘राजगढच्या पोरीचंही एकदाच झालं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिही.’’

मी लिहिलं. माझ्या पेनात तो शब्द होता तर! बाईंनी कागद वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायलाही उठले नाही. उठायला हवं होतं.

त्यांच्या जागी आलेली मुलगी माझ्याच हातची पास झालेली. ती मुलांना मोटू म्हणते, कधी पट्टी टेबलावर आपटते, कधी नुसत्या टेबलावरच नाही. मी दोनदा समज दिली, पुढे तेही सोडलं. मला तिच्या जागी आणायला दुसरी कोण मिळणार होती? आता योग्य-अयोग्य मोबाईलवर भरतात, आणि ‘योग्य’ आधीच निवडलेलं येतं. मुलं दाराशी रेंगाळतात. बुटकी खुर्ची मी अडगळीत टाकून दिली. कपाटातल्या जुन्या गठ्ठ्यात माझ्या हातचा ‘अयोग्य’ एकच आहे, आणि तो ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याइतकी योग्य बाई मी दुसरी पाहिली नाही.

बाईंना त्यांच्या भाच्याने धारला नेलं. जायचं जायचं म्हणत मी दोन वर्षं घालवली. गेल्या हिवाळ्यात गेले. गल्लीत वळले तर बाई घराच्या दारात उभ्या. मला घ्यायला आलेला भाचा हळूच म्हणाला, ‘‘आत्या सकाळपासून इथेच असते, ताई. कितीही सांगा, बसत नाही. कोणाला ओळखतही नाही आता.’’

मी भरभर पुढे गेले आणि पायरीपाशी माझे पाय थांबले. मी नाही थांबवले. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या कितीतरी वेळ खाली बघत राहिल्या, मग वाकून, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या,

‘‘का गं थांबलीस? इथे मारतं का तुला कोणी?’’